कोकबखानमचं बोलावणं

तूरानखानमच्या हातात पैसे ठेवणं सोपं काम नाही. टोरांटोत, यंग स्ट्रीटच्या वरच्या अंगाला जे इराणी वाणसामानाचं दुकान आहे, तिथल्या गल्ल्यावर ती बसते. अक्रोड, वाळवलेली तुती, लोणच्याच्या बरण्या, आणि दाराशी गरम रोट्यांचा वास. गिऱ्हाईकानं "किती झाले?" म्हणून विचारलं की ती छातीवर हात ठेवून म्हणते, "काही नको, दुकान तुमचंच आहे." गिऱ्हाईक म्हणतं, "असं कसं, सांगा ना." ती म्हणते, "तुमच्यापुढं पैशाची काय किंमत!" तिसऱ्यांदा विचारलं की मग आकडा सांगते, आणि त्यात एका सेंटाचीही चूक नसते. याला त्यांच्यात तारोफ म्हणतात. देणाऱ्यानं तीनदा 'घ्या' म्हणायचं, घेणाऱ्यानं तीनदा 'नको' म्हणायचं, आणि त्यातून खरं काय ते दोघांनी न बोलता ओळखायचं.

एकदा एक गोरा माणूस पहिल्याच "काही नको"वर मनापासून आभार मानून पिस्त्याची पिशवी घेऊन चालता झाला. दुकानाचे मालक इरजआगा त्याच्यामागं धावायला निघाले, तर तूराननंच त्यांना अडवलं.

"जाऊ द्या. मी 'काही नको' म्हटलं ना त्याला? शब्द दिलाय."

"अहो तूरानखानम, शब्द तुमचा आणि पिस्ते माझे!"

अशी ही बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. गल्ल्याखालच्या खणात जपमाळ असते; गिऱ्हाईक नसलं की हात आपोआप तिकडं जातो. देवाकडं ती फार मागत नाही. तेहरानमध्ये थोरली बहीण आहे, अक्दस. तिला सुखरूप ठेव, एवढंच.

त्या हिवाळ्यात मात्र एवढंही मागणं फार वाटायला लागलं. गल्ल्यासमोरच्या टीव्हीवर दिवसभर तेच चालायचं: आखातात आणखी जहाजं आली, अमुक देशानं आपली माणसं माघारी बोलावली, हल्ला होणार, नाही होणार, होणारच. मागच्या उन्हाळ्यात बॉम्ब पडले होते ते अजून कुणी विसरलं नव्हतं. रोटीच्या रांगेत रोज भांडण व्हायचं.

"येऊ देत एकदाचे परके," एक निवृत्त दातांचे डॉक्टर तावातावानं म्हणायचे. "त्याशिवाय आमच्या देशाची सुटका नाही. घडी मोडल्याशिवाय नवी बसत नाही."

"तुमचं कोण आहे हो तिकडं?" मागून एका म्हातारीनं विचारलं.

"आता कुणी नाही."

"तरीच."

तूरान दोघांनाही "काही नको" म्हणाली आणि दोघांचेही पैसे घेतले. तिचं डॉक्टरांशी अगदीच पटत नव्हतं असंही नाही. ज्या राज्यातून ती स्वतः पळाली होती त्याच्याबद्दल तिला कळवळा नव्हता. पण बॉम्ब कुणाचं मत विचारून पडत नाही, आणि अक्दस चौथ्या मजल्यावर राहते, गुडघे गेलेले, वीज गेली की लिफ्ट बंद.

अक्दसला फोन केला की एकच उत्तर यायचं. "आम्ही मजेत. तू तिथं थंडीत टोपी घालतेस की नाही?" परदेशातल्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, ही तिकडची रीतच आहे. एका मामाचं निधन तूरानला वर्षभरानं कळलं होतं. तोवर तो 'जरा झोपलाय' असं घरचे तिला सांगत होते.

खरं काय ते अक्दसच्या मुलीनं, नाहीदनं, स्वीडनहून सांगितलं.

"मावशी, उन्हाळ्यात आईच्या स्वयंपाकघराची काच फुटली. अजून पुठ्ठा लावलाय तिनं. खालचे दोन मजले रिकामे झालेत, सगळे गावाकडं गेले. माझ्या सासूबाईंनी तिकडं उत्तरेला, लाहीजानला बोलावलंय तिला. एकदा नाही, तीनदा. ही तीनदा 'नको' म्हणाली."

"का?"

"म्हणते, त्या आपलं तारोफ करतायत. विहिणीच्या दारात आश्रित म्हणून जाणार नाही म्हणते. तू सांग ना तिला!"

"तूच का विचारत नाहीस सासूला, खरंच बोलावता का म्हणून?"

"मी?" नाहीद म्हणाली. "मी सून आहे, मावशी."

ते तूरानला पटलं. सुनेनं सासूला असं विचारणं म्हणजे भर पंगतीत वाढणाऱ्याचा हात धरण्यासारखं.

अक्दस का जात नव्हती हेही तूरानला पक्कं ठाऊक होतं. इराकबरोबरच्या जुन्या युद्धात, तेहरानवर क्षेपणास्त्रं पडत होती तेव्हा, दोघी बहिणी अक्दसच्या लहानग्यांना घेऊन डोंगराकडच्या एका नातेवाइकाकडं गेल्या होत्या. त्या घरच्या बाईनं स्वतः बोलावलं होतं. दाराशी धूप फिरवला, मिठाई दिली, गाद्या घातल्या. आणि मग एका दुपारी अक्दस पाणी प्यायला गेली, तर स्वयंपाकघरातून ऐकू आलं, "मी आपलं रीत म्हणून 'या' म्हटलं. तर या खरंच आल्या की गं!"

अक्दस पाणी न पिता परत आली. मुलांना मोजे घातले. बाईला म्हणाली, "तेहरानला एक लग्न आहे, निघायला हवं." क्षेपणास्त्रं पडतायत आणि लग्न! बाई म्हणाली, "छे छे, अजून राहा ना." अक्दस म्हणाली, "पुढच्या वेळी नक्की." दोघींनी हसून एकमेकींच्या गालाला गाल लावून निरोप घेतला. नंतर कितीतरी रात्री दोघी बहिणींनी तेहरानच्या जिन्याखाली काढल्या. तिथं मुलं झोपल्यावर अक्दस एकच वाक्य बोलली होती, "तूरी, मेले तर माझ्या घरात मरेन. परत कुणाची पाहुणी होणार नाही."

तूराननं तरी फोन लावून पाहिला.

"आपा, तुझ्या विहीणबाई कोकबखानम मनापासून बोलावतायत."

"तुला कोणी सांगितलं? त्यांचं मन बघून आलीस का कॅनडातून?"

"तीनदा बोलावलं त्यांनी."

"त्या डोंगरावरच्या बाईनं चारदा बोलावलं होतं," अक्दस म्हणाली. "टोपी घालतेस ना?"

म्हणजे उपाय एकच राहिला. लाहीजानला फोन लावायचा आणि कोकबखानमला तोंडावर विचारायचं: बाई, तुमचं बोलावणं खरं की नुसतं रीतीचं? असं कुणी विचारत नाही. आईबापाला शिवी देणं एकवेळ परवडलं. कोकबखानम दुखावल्या तर अक्दससाठी उघडं असलेलं एकमेव दार तूरानच्याच हातून बंद होणार. आणि रीतीचंच आहे असं त्या म्हणाल्या तर? मग अक्दस पुन्हा कधी तूरानचं तोंड पाहणार नाही.

ती विचार करत राहिली. टीव्हीवर जहाजं वाढत राहिली. मग एका सकाळी दुकान उघडायच्या आधी इरजआगा म्हणाले, "ऐकलं का? फोन बंद होतील म्हणतात, मागच्यासारखे." तूराननं जपमाळ घेतली, मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसली आणि अक्दस सुखरूप निघाली तर केशरभाताची खीर वाटीन असा नवस बोलून नंबर फिरवला. तिकडं संध्याकाळ होती.

"तूरानखानम! डोळे उजळले आमचे! प्रकृती कशी?"

"तुमच्या आशीर्वादानं. तुमची कशी?"

"तुमच्या पायांची धूळ. थंडी फार का तिकडं?"

"तुमची सावली आहे म्हणून सोसतेय. चहाची बाग कशी आहे?"

"आमची कसली बाग, तुमचीच."

आवाज मधेच तुटत होता. फोन कुठल्या क्षणी कायमचा बंद पडेल याचा नेम नव्हता, आणि या दोघी एकमेकींची प्रकृती, मुलं, नातवंडं, गुडघे विचारत बसल्या होत्या. चौकशी तोडून मुद्द्यावर यायचं कसं हे तिला उभ्या जन्मात कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी तिनं डोळेच मिटले.

"कोकबखानम, मला माफ करा. एक बेअदबीचं विचारते. माझ्या बहिणीला तुम्ही बोलावलं, ते खरंच का? की... आपलं बोलावलं?"

तूरानला वाटलं लाइन गेली. गेली असती तर बरं, असंही वाटलं.

"तूरानखानम," कोकब म्हणाली, आणि आवाजातली साखर उतरली होती, "विचारलंच आहेत तर ऐका. पहिल्यांदा बोलावलं ते रीत म्हणून. घरात आधीच थोरल्याचं बिऱ्हाड येऊन पडलंय, गाद्या पुरत नाहीत. दुसऱ्यांदा बोलावलं ते बातम्या ऐकून. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा मी रडत होते. आणि तुमची बहीण काय म्हणाली? 'आपली सावली कमी न होवो, पुन्हा कधीतरी.' मी म्हटलं, तेहरानची बाई, आम्ही भातशेतीतली माणसं. नसेल आवडत आमचं घर."

"नाही हो! तिला वाटलं तुम्ही—"

"मला वाटलं ती!" कोकब ओरडली. "बॉम्ब पडेपर्यंत 'तुम्ही आधी', 'नाही तुम्ही आधी' करत बसणार का आपण? दोघी दाराशीच मरू!"

तूरान इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग तिनं कोकबला त्या जुन्या स्वयंपाकघरातलं वाक्य सांगितलं. कोकबनं जिभेनं च्च केलं.

"मग आता चौथ्यांदा बोलावून उपयोग नाही," ती म्हणाली.

"नाही."

"बोलावणारच नाही मी. तुम्ही बघाच."

कोकबनं काय केलं ते तूरानला अक्दसकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी अक्दसनं आपण होऊन फोन केला, असं ती कधी करत नाही.

"तूरी, पंचाईत झाली गं. ती कोकब. काल फोनवर हुंदके देऊन रडत होती. म्हणते, घर माणसांनी भरलंय पण सगळी पोरंटोरं, माझ्या वयाचं कुणी नाही. विमानाचा आवाज आला की छातीत धडधडतं. 'तुम्ही एक युद्ध काढलंय, माझ्याजवळ येऊन बसा' म्हणते. आता काय करू? संकटातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

"तुझ्या गुडघ्यांना प्रवास झेपायचा नाही, आपा," तूरान म्हणाली. एवढा तारोफ तिला करावाच लागला.

"माझे गुडघे माझ्याजवळ. ती बिचारी मरेल भीतीनं. शेजाऱ्यांची गाडी उद्या सकाळी निघतेय."

त्यांच्यात माणूस प्रवासाला निघालं की त्याला कुराणाखालून काढतात आणि मागं भांडंभर पाणी ओततात, म्हणजे ते पाण्यासारखं वाहत जाऊन परत येतं. अक्दसच्या मागं पाणी ओतायला त्या इमारतीत कुणीच उरलं नव्हतं. म्हणून तिकडं सकाळ झाली तेव्हा, रात्रीचं दुकान बंद करताना, तूराननं मागचं दार उघडलं आणि ग्लासभर पाणी बर्फावर ओतलं. ओठातल्या ओठात कुराणातली आयत म्हणून पूर्वेकडं फुंकर घातली.

"अहो, काय करता!" इरजआगा किंचाळले. "आत्ता गोठेल ते! सकाळी रोटीवाला घसरून पडेल!"

"पडला तर मी उचलीन," ती म्हणाली.

मग फोन लागेना. अक्दसचा नाही, कोकबचा नाही, शेजाऱ्यांचा नाही. डोंगरातला रस्ता, त्यात सगळं तेहरान उत्तरेला निघालेलं, बर्फ, पेट्रोलच्या रांगा. सकाळी तूरान गल्ल्यावर बसली. एका बाईनं विचारलं, "किती झाले?" आणि तूराननं आकडा सांगितला. पहिल्याच खेपेला. बाईनं चमकून तिच्याकडं पाहिलं, मुकाट्यानं पैसे दिले आणि बाहेर जाऊन रांगेत कुजबुजली. त्यानंतर आलेल्या कुणीच टीव्हीवरच्या जहाजांचा विषय काढला नाही. दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा. जाताना त्यांनी हळूच विचारलं, "कोण आहे रस्त्यावर?"

"बहीण."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तशीच पुन्हा घातली.

जपमाळ किती वेळा फिरली याचा हिशोब तिनं ठेवला नाही. दुपार कलल्यावर फोन वाजला.

"तूरी? पोचले. चहा पाणचट आहे इथला, कुणाला सांगू नकोस. ही कोकब माझ्या ताटात भात वाढतच सुटलीय, सांग हिला."

मागून कोकबचा आवाज आला, "आल्यापासून 'नको नको' चाललंय हिचं! खायला सांगा!"

तूरान नुसती "बरं, बरं" म्हणत राहिली. अक्दस फोन घेऊन बाजूला गेली असावी. तिचा आवाज खाली आला.

"एक सांग. यजमानानं कंटाळायच्या आत पाहुण्यानं निघावं. तेवढं मला कळतं. तू तिकडं सगळ्या बातम्या बघतेस. तर मी इथून कधी निघू?"

तूराननं वर पाहिलं. टीव्हीचा आवाज इरजआगांनी केव्हाच बंद केला होता, पण जहाजं तिथंच होती, राखाडी समुद्रावर, एकाला लागून एक.

"कोकबखानमची भीती गेली की निघ, आपा," ती म्हणाली.

अक्दस म्हणाली, "हो ना. फार घाबरलीय बिचारी. बसते तिच्याजवळ."

आणि लाइन गेली. तूराननं लगेच पुन्हा लावून पाहिलं. मग पुन्हा.