कोरम भरला त्या दिवशी

आमच्या गावची ग्रामसभा म्हणजे थोर प्रकार. पहिल्या सभेला कोरम लागतो, म्हणून तिला कुणी जात नाही. मग ती तहकूब होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून तिलाही कुणी जात नाही. सरपंच आणि त्यांची चार डोकी चहा पिता पिता गावाचा कारभार उरकतात. आणि मी तळेगावच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवते! ग्रामसभा ही गावाची विधानसभा, असं पोरांकडून घोकून घेते. नशीब, पोरं कधी आमच्या गावाला येत नाहीत.

गेल्या वर्षी ठराव आला गायरानाचा. शनिवार-रविवारी लोणावळ्यात न मावणाऱ्या गाड्या तिथं लावायच्या. शेजारच्या मावशीच्या शेळ्या तिथंच चरतात आणि त्या शेळ्यांवरच तिचं एकटीचं पोट आहे. ती रडकुंडीला आली तेव्हा मी आधी फणकारले, कधी सभेला फिरकता का म्हणून. मग शेजारणींना गोळा केलं आणि तिला घेऊन तहकूब सभेला गेले. तिकडं सरपंचांची माणसं, ठराव काय होतोच, या भरवशावर रस्त्याला पर्यटकांसाठी कणसं भाजत बसलेली. आमचे हात जास्त भरले. ठराव आपटला. सरपंचांचं तोंड बघून मला आठवडाभर जेवण गोड लागलं.

पण माणूस मुरलेला. त्यांना एकाएकी लोकशाहीचा पुळका आला. नवी सभा लागली, स्पीकर लावून रिक्षा फिरली, मिसळ शिजली, आणि पार्किंगपाशी घरटी एक टपरी मिळणार, हे दारोदार सांगून झालं. सभा भरते त्या देवळात पाय ठेवायला जागा उरली नाही. ठरावाला हात वर झाले, त्यात आमच्या शेजारणींचेही होते, बांगड्यांवरून ओळखले मी. विरोधात मावशी आणि मी. एवढी मोठी सभा गावात कधी झाली नव्हती, असं सांगून सरपंचांनी सगळ्यांचे आभार मानले. टाळ्या पडल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाहेर आल्यावर मावशीनं विचारलं, "बाई, आज कोरम भरला का?"

"भरला, मावशी."

तिनं मिसळीच्या रांगेकडं बघितलं.

"आदी बरं हुतं," ती म्हणाली. "चौघांवरच राग धरायचा हुता."