आबांच्या कोटाची डावी बाजू

आबांचं मेडल काल आलं. आबांना जाऊन आज वर्ष झालं.

एकाहत्तरच्या युद्धात आबा, माझे वडील, पश्चिम सीमेवर होते. युद्ध संपलं, मागोमाग आजोबा वारले आणि घर सांभाळायला आबा फौज सोडून दौलताबादला परतले.

पलटणीत मेडलं वाटली तेव्हा आबा शेतात होते.

आई म्हणायची, अर्ज करून मागून घ्या. आबांचं उत्तर ठरलेलं.

"मेडल मागायचं नसतं. ते बोलावून देतेत."

कुणी बोलावलं नाही. आईही वाट बघून गेली.

आबा बजाजनगरला माझ्याकडं राहायला आले, तेव्हा शेवटी अर्ज मीच केला. फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला डिस्चार्ज बुकाची कॉपी हवी होती. आबा ते बुक माझ्याही हातात देईनात. कॅरीबॅगमध्ये गुंडाळून स्वतः झेरॉक्सच्या दुकानात आले आणि मशीनवरची नजर हलवली नाही.

मग ईमेल, स्पीड पोस्ट, फोन. उत्तर एकच, प्रोसेसमध्ये आहे.

इकडं आबांनी नवा कोट शिवला. डाव्या खिशाच्या वर मेडलसाठी दोऱ्याचे लूपही करून घेतले. टेलरनं विचारलं, मेडल कुठंय? म्हणाले, निघालंय तिकडून.

तो कोट त्यांनी एकदाही घातला नाही. पंधरा ऑगस्टला माजी सैनिकांच्या झेंडावंदनाला साध्या शर्टात जायचे, मागच्या रांगेत उभे राहायचे.

मी वाळूजच्या कंपनीतली शिफ्ट करून आले की पहिला प्रश्न, "टपालवाला आल्ता का गं?"

दिवसभर घरात हे, आणि विचारायचे मला!

काल तो आला. मेडलच्या कडेवर आबांचा नंबर आणि नाव कोरलंय. इतक्या वर्षांनी हाक आली आणि ओ द्यायला घरात कुणी नाही.

दाखवायलाही कुणी नाही. डबी घेऊन दारापर्यंत गेले आणि परत आले. फार एकटं वाटलं.

शेवटी आबांच्या फौजेतल्या दोस्ताला फोन केला. विचारलं, कोटाला लावून ठेवू का?

ते म्हणाले,

"डावीकडं ज्याचं त्यानंच लावायचं, पोरी. माणूस गेला की घरच्यांनी उजवीकडं लावायचं. तसा रिवाज हाय."

उजवीकडं लूप नाहीत. आबांनी ते केलेच नव्हते.

या पंधरा ऑगस्टला मी जाणार आहे. मेडल माझ्या ड्रेसवर, उजवीकडं. उभी पुढच्या रांगेत राहणार.

कोट कपाटातच राहील. त्याची डावी बाजू तुमची.

जय हिंद, आबा.

टपालवाला आला होता.