दोन बोटं माया

ब्लाउज शिवताना शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. बाई अंगानं भरली की जुनी टीप उसवायची, आतली माया बाहेर काढायची आणि पुन्हा टीप मारायची. ब्लाउज परत अंगाला होतो. मी येळ्ळूरची. बावीस वर्षं झाली, बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या बोळात शिवणकाम करते. माझ्या हातच्या ब्लाउजात दोन्ही बगलांना दोन-दोन बोटं माया असतेच. आजकालचे बुटीकवाले अर्धं बोट सोडतात आणि वर ऐट किती. त्यांच्याकडनं शिवून घ्या आणि वर्षभरानं त्याच ब्लाउजानं ओटा पुसा.

हे सांगायचं कारण असं की याच दोन बोटांपायी माझ्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. मोडणारी बाई परकी असती तर मी चार शिव्या घालून विसरले असते.

दुकानात आम्ही दोघी होतो. मी कापायची, ती शिवायची. ती मूळची सदलग्याची, जैनांची, लग्न होऊन बेळगावात आलेली, तिलाही माझ्या लेकीएवढीच एक लेक. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणायची. माझं कानडी बाजारापुरतं, तिचं घरचं. कानडी गिऱ्हाईक आलं की तीच बोलायची. दुपारी डबा एकत्र खायचो. तिच्या डब्यात कांदा-लसूण नसायचा, तेव्हा मीही अठरा वर्षं दुकानात लसणाची चटणी आणली नाही. हे मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता दाखवते.

माया हा शब्द त्या दहा बाय बाराच्या खोलीत येईल त्याच्या तोंडून निघायचा आणि दर खेपेला त्याचं काहीतरी वेगळंच असायचं. एका कानडी बाईच्या कानातलं फूल चिंध्यांत पडलं, ती खाली वाकून "माय आतु, माय आतु" करत बसली. म्हणजे नाहीसं झालं. माझ्या बोटात सुई घुसली की आक्का फुंकर घालून म्हणायची, "माय्तैती, बिडु." भरून येईल, सोड. एका साहेबांची बायको दर सणाला चार-चार रेशमी साड्या घेऊन यायची. ती बोळाच्या बाहेर पडली की आक्का म्हणायची, "बक्कळ माया जमवलीया साहेबानं." मोमोची गाडी लावणाऱ्या नेपाळ्याची बायको एकदा चुडीदार अल्टर करायला आलती. तिनं सांगितलं, त्यांच्याकडं नवरा-बायकोच्या प्रेमालाच माया म्हणतात, आणि एवढं सांगून लाजली. माझ्या लेकीनं मोबाईलवर वाचून दाखवलं की सातासमुद्रापलीकडं माया नावाचे लोक होते, दगडाची मोठी शहरं बांधली आणि सोडून गेले. "ते बी माय आतु म्हण की," आक्का म्हणाली. तिघी पोट धरून हसलो.

मी त्याच वेळी विचारलं, तुमच्यात काय म्हणतात गं? तिनं दोरा दातात धरला होता, तो आधी तोडला. मग म्हणाली, "आमच्यात माया म्हंजे कपट. क्रोध, मान, माया, लोभ, हे चार कषाय, जिवाला लागलेला मळ. मनात एक आणि तोंडावर एक, ती माया. माणसाला लई चिकटून ऱ्हाती." मी म्हटलं, बरं बाई, आणि कापायला लागले. आमच्याकडं माया आईची असते. मला वाटलं, शब्द ज्याचा त्याचा.

लेक माझी लहान मुलांच्या शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिचा साखरपुडा झाला, निपाणीच्या मुलाशी. मुलगा बरा होता, अजून म्हणते बरा होता. साखरपुड्यानंतर तीन महिन्यांत मी तिचे ब्लाउज दोनदा उसवले. पहिल्यांदा एक बोट सोडलं, दुसऱ्यांदा होती नव्हती ती सगळी माया काढली. आक्का शेजारच्या मशीनवर होती. "पोरगी भरली गं," म्हणाली. "साखरपुडा मानवला," मी म्हटलं आणि वर हसले. किती मूर्ख असावं माणसानं.

त्याच आठवड्यात मुलाची मावशी नवरीचे लग्नातले ब्लाउज शिवायला टाकायला आली. मी अस्तर आणायला शहापूरला गेलते. दुकानात आक्का एकटी. काय बोलणं झालं ते मला समोरच्या पिको-फॉलवालीनं सांगितलं, आणि ती बाई खोटं बोलणारी नव्हे. आक्का म्हणाली, "पोरीचं माप आत्ताच नगं घ्यायला. तीन म्हयन्यांत दोनदा उसवलंय. लग्नापतुर किती हुतंय कुणाला ठावं." आणि बारीक हसली. एवढंच. तोंडातनं दुसरा शब्द काढला नाही, काढायची गरजही नव्हती.

आठ दिवसांनी निपाणीहून फोन आला. पत्रिका पुन्हा दुसऱ्यांना दाखवली, जमत नाही म्हणतात.

मी आक्काला बोळात उभं करून विचारलं. "मी काय म्हटलं? मापाचं बोलले," ती म्हणाली. त्या दिवशी आमचं भांडण सगळ्या बोळानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं आपली मशीन रिक्षात घालून नेली. महिन्याभरानं डॉक्टरांनी लेकीचं रक्त तपासलं आणि थायरॉइड निघालं. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, संपलं. तो रिपोर्ट मी कितीतरी दिवस पर्समध्ये घालून फिरत होते. कुणाला दाखवणार? बसमध्ये शेजारी बसेल तिला?

त्यानंतर तीन स्थळं आली. तिन्ही निपाणीपर्यंत चौकशी करून माघारी गेली. म्हणून माझं मागणं एकच होतं. ते बोलणं जिथं पोचलं, तिथं निपाणीला जाऊन आक्कानं आपल्या तोंडानं सांगावं की मी वाईट बोलले, पोरगी चांगली आहे. दुसरं कुणी सांगून उपयोग नव्हता. मी आई, माझं कोण ऐकणार.

जैनांचं पर्युषण संपलं की क्षमावाणी असते. सगळे एकमेकांची क्षमा मागतात. पूर्वी त्या दिवशी आक्का दुकानात आल्या आल्या हात जोडायची, मी तिच्या हातावर चापट मारायची, की झालं. भांडणाच्या वर्षी तिचा मेसेज आला. कमळाचं फूल, जोडलेले हात, खाली ‘जाणता-अजाणता आपलं मन दुखावलं असल्यास’. तोच मेसेज पिको-फॉलवालीलाही आला होता, तिचं मन तर दुखावलंही नव्हतं. मला इतका राग आला की फोन पिठाच्या डब्यावर उपडा ठेवला आणि दिवसभर हात लावला नाही.

यंदा ती स्वतः आली. गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस, बोळात अजून गुलाल पडलेला. लेकीच्या शाळेला सुट्टी होती, ती आक्काच्या जुन्या स्टुलावर बसून मला हुक लावून देत होती. आक्कानं चपला बाहेर काढल्या. केस बरेच पिकले होते. हात जोडून म्हणाली, "जाणता-अजाणता काय चुकलं आसंल तर क्षमा कर."

"काय चुकलं?" मी विचारलं.

"काय चुकलं आसंल ते."

"आसंल न्हवं, झालंय. नाव घेऊन सांग. काय बोललीस, कुणाम्होरं बोललीस. आणि मग चल माझ्यासंगं निपाणीला. बाराची बस हाय."

"नाव घेऊन मागत न्हाईत गं आमच्यात. हात जोडलं की पोचतंय."

"कुणाला पोचतंय? मला न्हाय पोचलं. मनात एक आणि तोंडावर एक, तूच सांगितलंतीस न्हवं मला? तेच घेऊन दारात आलीस व्हय?"

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं हे वाक्य मी मनात घोळवत होते.

आक्कानं हात खाली घेतले. नजर माझ्यावरनं काढून लेकीकडं वळवली. मग म्हणाली, "बोलले मी. त्या मावशीम्होरं, हितंच उभं ऱ्हाऊन. तुझ्या पोरीचं ठरलं आणि माझीचं ठरंना, त्या जळफळाटानं बोलले. वंगाळ बोलले. चल निपाणीला, आत्ता चल. सगळ्यांम्होरं सांगते." एवढं बोलून तिनं लेकीकडं बोट केलं. "पर एक इचारू? मी परक्या बाईम्होरं बोलले. तू त्या पट्टीचं काय केलंस? हिची क्षमा मागितलीस?"

ही गोष्ट मी वर गाळली. मुद्दाम गाळली. ज्या दिवशी पिको-फॉलवालीनं मला सांगितलं, त्या दिवशी मी आधी आक्काकडं गेले नाही. आधी औषधाच्या दुकानात गेले आणि दिवस गेलेत का ते बघायची पट्टी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेकीच्या हातात दिली आणि न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहिले. तिनं मला काही विचारलं नाही. आत गेली, बाहेर आली, पट्टी माझ्या हातात ठेवली आणि डबा भरून शाळेला गेली. एकच रेघ होती, म्हणजे दिवस गेले नव्हते. मी ती पट्टी घेऊन बोळात आले आणि आक्काच्या तोंडासमोर नाचवली. "बघ, एकच रेघ हाय, माझी पोरगी सोन्यासारखी हाय," असं ओरडले. ज्यांना तोवर काही ठाऊक नव्हतं त्यांनाही मीच सांगितलं. आक्काचं बोलणं एका मावशीनं ऐकलं होतं. माझं सगळ्या बोळानं ऐकलं. आणि आक्कानं निदान डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं होतं. मी तर माझ्याच लेकीवर विश्वास ठेवला नव्हता.

आक्का दारात उभीच होती. लेक खाली मान घालून हुक लावत होती. तिच्या अंगावर तेव्हाचाच ब्लाउज होता, गोळीनं वजन उतरल्यावर पुन्हा आत घेतलेला. बगलेजवळ उसवलेल्या टिपेची भोकं अजून दिसत होती. दोन वर्षं मी तिचा रिपोर्ट पर्समध्ये घेऊन हिंडले, तिच्यासाठी निपाणीवाल्यांशी, आक्काशी, सगळ्या जगाशी भांडले. तिच्याशी त्या सकाळबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मला लाज वाटली, आणि आक्काच्या देखत वाटली याचा रागही आला.

मी कात्री खाली ठेवली. "बाळ," म्हटलं, "माझं जाणता-अजाणता काय चुकलं आसंल तर..."

तिनं मान वर केली नाही. "काय चुकलं, आई?"

पट्टी हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता. आक्का बघत होती, समोरून पिको-फॉलवाली बघत होती.

"काय चुकलं आसंल ते," मी म्हणाले.

लेकीनं दोरा दातानं तोडला आणि पुढचा ब्लाउज हातात घेतला.