मलेरियाचे मासे

मी मॅट्रिकला नापास झाले त्याच पावसाळ्यात आमच्या विहिरीत सरकारी मासे आले. दोन्हींचा तसा एकमेकांशी संबंध नाही. पण पास झाले असते तर दुपारची घरी नसते, आणि घरी नसते तर माझ्या हातून ते झालं नसतं. तेव्हा संबंध आहेच म्हणायचा.

पन्नास साल उलटून दोनतीन वर्षं झाली असतील. आमचं घर बंगळूरच्या चामराजपेटेत, मागच्या अंगणात विहीर. घरात आम्ही चौघं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्याच माझी, पण अण्णा तिला अक्का म्हणायचे म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. बाळ, माझा धाकटा भाऊ, चार वर्षांचा. आणि मी. मला बघायला मंडळी येत, उप्पिट्टू खात, दुसऱ्यांदा मागून घेत, आणि ‘कळवतो’ म्हणून जात. माझ्या रूपात दोष असेल, पण हातच्या उप्पिट्टूत काही नव्हता.

आई बाळाच्या बाळंतपणात गेली. त्याला अक्कानंच वाढवलं. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली बाई. तिच्या स्वतःच्या अशा दोनच गोष्टी होत्या. एक बाळ, दुसरं तिचं मडी. सोवळ्याला आम्ही बंगळूरकर मराठी लोकही मडीच म्हणतो. स्वयंपाक होऊन नैवेद्य दाखवेपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. बाळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर फुलपात्र वाजवत बसायचा आणि दर दोन मिनिटांनी विचारायचा, “अक्का, आता शिवू?”

“अजून नाही रे राजा.”

“आता?”

शेवटी ती पदराला हात पुसत बाहेर यायची आणि हा तिच्या पोटात डोकं खुपसायचा.

मलेरियाखात्याचे इन्स्पेक्टर पेटेतल्या विहिरी तपासत फिरायचे. खाकी कपडे, बरोबर डबा घेतलेला शिपाई. त्यांनी दोरीला बांधलेलं पांढरं भांडं आमच्या विहिरीत सोडलं, वर काढलं आणि उन्हात तिरकं धरलं. पाण्यात बारीक काहीतरी वळवळत होतं.

“ही डासांची पिल्लं, अम्मा,” ते कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले. “स्वल्प मासे सोडतो. तेच खाऊन टाकतील. तुम्ही काही करू नका, फक्त राहू द्या.” आणि डब्यातले बोटाच्या पेराएवढे करडे मासे विहिरीत ओतले. हल्ली त्यांना गप्पी मासे म्हणतात. आम्ही मलेरियाचे मासे म्हणायचो.

अक्का आतून ओरडली, “माझ्या पिण्याच्या पाण्यात मासे?”

“अक्का, गंगेत काय मासे नसतात?” अण्णा म्हणाले.

“गंगा वाहते. तुझी विहीर वाहते का?”

“सरी, बरं,” म्हणून अण्णांनी टोपी घातली आणि कचेरी गाठली.

मासे राहिले. अक्कानं विहिरीचं पाणी सोडलं. देवळाची विहीर फर्लांगभर लांब. पहाटे अंघोळ करून ओलेत्यानं ती तिथून पितळेची बिंदगी भरून कमरेवर आणायची, देवापुरतं नि आपल्यापुरतं. पाऊस असो, नसो. महिन्याभरात तिला खोकला लागला. दर शुक्रवारी ती पायी बनशंकरीला जायची. तेव्हा तिकडे वस्ती कुठली, रागीची शेतं आणि मध्ये देऊळ. तिथे लिंबाच्या सालीत दिवे लावून ती देवीला म्हणायची, माझी विहीर मला परत दे.

हे मला बघवेना. म्हणजे असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर, परीक्षेत नाही, बघण्यात नाही, निदान घरात तरी कुणी मला शाबास म्हणावं, हाही भाग होताच.

दुपारी अक्का पडायची, बाळ तिच्या कुशीत. मी पाण्यावर चुरलेले पोहे टाकायची, बादली जराशी बुडवून ठेवायची. मासे वर आले की हळूच ओढायची. कळशीत भरून, वर पंचा बांधून, मैत्रिणीकडे जाते सांगून पलीकडच्या केरेत, म्हणजे तळ्यात, सोडून यायची. आठदहा दिवस हेच चाललं. मॅट्रिकच्या गणिताला एवढी चिकाटी दाखवली असती तर मी मास्तरीण झाले असते.

मग एका शुक्रवारी अक्का विहिरीत वाकून बघत राहिली. “अगं, एकही नाही! मासे गेले!” आणि तिथेच, ओल्या दगडावर, बनशंकरीच्या दिशेनं तिनं हात जोडले. डोळ्यांना धार. “ऐकलं गं बाईनं माझं!”

मी शाबासकी घ्यायला तोंड उघडलं होतं. पण देवीला मिळालेली शाबासकी काढून कशी घ्यायची? मनात म्हटलं, असू दे, तिला आनंद झाला ना.

भाद्रपदात इन्स्पेक्टर आले. घाईत होते. “मासे आहेत ना, अक्का?” त्यांनी मला विचारलं; आमच्याकडे कुठल्याही मुलीला अक्काच म्हणतात. “आहेत की. मघाशीच पाहिले,” मी म्हटलं. विहिरीच्या खांबाला टांगलेल्या कार्डावर त्यांनी सही केली.

दसऱ्यानंतर आधी अण्णांना हुडहुडी भरली. दिवसाआड ताप. मग मला. मला चार गोधड्या लागायच्या, आणि बाळ त्या ढिगाऱ्यावर चढून मला दाबून धरायचा, थरथर थांबावी म्हणून. मग त्याला आला. आम्ही दोघं गोळ्या घेऊन उठून बसलो होतो, तोही उठेल असं धरून चाललो. तिसऱ्या दिवशी त्याचा ताप डोक्यात चढला. अक्कानं मडी सोडलं, चूल सोडली, देव सोडले, आणि त्याला मांडीवर घेऊन बसली. तो तिच्या मांडीवर, तिचा हात त्याच्या छातीवर, आणि बडबडतो काय तर, “अक्का, आता शिवू?”

“शीव रे, शीव. मी इथेच आहे.”

“आता?”

इस्पितळात नेलं तेव्हा उशीर झालेला होता. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं.

तेराव्यानंतर इन्स्पेक्टर आले. पांढरं भांडं सोडलं, वर काढलं. वळवळ नुसती. “शेजारच्या सगळ्या विहिरींत मासे आहेत,” ते म्हणाले. “इथले कुठे गेले?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझं ‘मघाशीच पाहिले’ आठवत असणार. मी जमिनीकडे पाहिलं.

अक्का पुढे आली. “मी नवस केला होता. देवीनं नेले.”

इन्स्पेक्टरांनी टोपी काढली. म्हणाले, “देवीला कशाला हवेत, अम्मा, मासे?”

“तिला नकोच होते. मीच मागितलं.”

दुसऱ्या दिवशी अक्का देवपूजेचा तांब्या घेऊन चालत मलेरियाच्या कचेरीत गेली आणि त्यात मासे घेऊन आली. तोच तांब्या, ज्याला आम्ही बोट लावलं तर ती तो चिंचेनं तीनदा घासायची. विहिरीत मासे सोडले, पोहरा भरला, आणि न गाळता ओंजळीनं पाणी प्याली. बनशंकरीला ती त्यानंतर गेली नाही. मडीही केलं नाही. आता तिला कुणीही केव्हाही शिवावं. शिवायला घरात होतं कोण?

माझं लग्न झालं, मी होसकोट्याला गेले. वर्षं गेली. मी बोलघेवडी, त्यात मुलं झाली, म्हणजे गोष्टी सांगणं आलंच. लालबागेत मला बिबट्या दिसला ही माझी गोष्ट आमच्या सगळ्या सोयरिकीत गाजलेली आहे. दर लग्नात तो बिबट्या हातभर वाढतो. ‘तिचं अर्धं धरून चाला’ असं माझ्याबद्दल माझा नवराच म्हणतो.

मधे एकदा गौरीला माहेरी आले होते. साठ साल उलटून गेलेलं. अण्णा गेलेले, घरात नळ आलेला, पण अक्का अजून विहिरीचंच पाणी प्यायची. पायरीवर बसून पाण्यात पोह्याचे चार दाणे टाकत होती. ती अगदी चिमणीएवढी झालेली होती. मला राहवलं नाही. तिच्यापाशी बसले आणि सगळं सांगितलं. पोहे, बादली, पंचा, केरे, इन्स्पेक्टरांना मारलेली थाप. “देवीनं नाही गं नेले. तू नाहीस. मी, अक्का, मी.”

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थोडीशी हसली.

“किती गं खोटं बोलशील माझ्यासाठी? बिबट्याची गोष्ट याहून बरी होती.”

“बाळाची शपथ, अक्का!”

तिनं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. “गोष्टीसाठी त्याची शपथ घालायची नाही.”

मी रडले, तेही तिला मायेचंच वाटलं.

संध्याकाळी शेजारीण कोथिंबीर द्यायला कुंपणाशी आली. अक्का तिला सांगत होती, “बघा, माझी भाची. माझं पाप आपल्या अंगावर घ्यायला निघाली होती. एवढी माया आहे पोरीची.”

“पुण्यवान आहात, अक्का,” शेजारीण म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. “शाबास हो तुमची.”

मी कोथिंबीर घेतली, पायरीवर बसले आणि सगळी जुडी निवडून संपवली.