मधोमध थांबलेला काटा

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या त्या माणसाला सगळे झटका म्हणायचे. विजेचा नव्हे, डोक्याचा. एकदा एक गिऱ्हाईक काम चालू असताना दोनदा ‘आटपा लवकर’ म्हणालं, तर यानं त्याच्याच गाडीची काच पान्यानं फोडली आणि वर थंडपणे सांगितलं, "आता काचेचंही काम निघालं, बसा." पण हात कसा होता म्हणून सांगू! तीन-तीन मेकॅनिक हात टेकून गेले की हा टेस्ट लॅम्प घेऊन वाकायचा आणि दहा मिनिटांत मेलेली वायर दाखवायचा. लोक मग त्याच्या शिव्या मुकाट्यानं खायचे. आपण असेच. ज्याला काम येतं त्याला सगळं माफ.

लहानपणी बापानं याला पट्ट्यानं सोलून काढलेलं. धाकटी बहीण सापडली की हा मध्ये पडायचा आणि तिच्या वाट्याचाही मार अंगावर घ्यायचा. पाठीवर त्याचे वळ अजून आहेत. आयुष्यात आपण एक गोष्ट तरी धड केली, बहिणीला मार खाऊ दिला नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

त्या बहिणीचा एका दुपारी फोन आला. "दादा, गाडीचं इंजिन जाम झालं. माझा हात मोडलाय."

"अपघात झाला?"

"नाही. ह्यांनी मारलं. जॅकच्या दांड्यानं."

बहीण शाळेचे गणवेश शिवायची. गठ्ठा मोठा असला की नवऱ्याची जुनी गाडी घेऊन दुकानात पोचवून यायची. त्या दिवशी चढावर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा पाइप फुटला, पाणी वाहून गेलं आणि इंजिन तापून जागीच बसलं. टेम्परेचरचा काटा मधोमध होता, मी सारखी बघत होते, असं तिचं म्हणणं. काटा लाल खुणेवर गेल्याशिवाय इंजिन बसेलच कसं, बया खोटं बोलते, असं नवऱ्याचं. गाडी दोरीनं ओढून दारात आणली आणि तिथंच त्यानं तिला झोडपलं.

झटका पोचला तेव्हा मेहुणा बोनेटला टेकून उभा होता. एरवी हा त्याला ‘मेहुणे, तुम्ही’ म्हणायचा. आज सरळ अंगावर गेला. कॉलर धरली आणि त्याचं तोंड बोनेटवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नाकातून रक्ताची चिळकांडी उडाली. मेहुणा खाली बसला तर बरगडीत लाथ घातली. बहीण दारात उभी होती, सुजलेलं मनगट टॉवेलात गुंडाळून. ती "दादा, पुरे" म्हणाली. यानं ऐकलं, पण आणखी एक लाथ घातलीच.

"तिला विचार," मेहुणा रक्त थुंकत म्हणाला, "काटा लाल झाला होता का नाही. काटा खोटं बोलत नाही."

"काटा खोटं बोलतो का नाही ते मला सांगतोस? बस तिथं. आत्ता दाखवतो, आणि मग हिच्या पाया पडायचं."

हात मोडलेल्या बाईला आधी दवाखान्यात न्यावं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. काय बोलावं अशा माणसांना!

त्यानं किल्ली फिरवली, पण इंजिन चालू केलं नाही, नुसता करंट दिला. एव्हाना इंजिन गार पडलं होतं. गार इंजिनाचा काटा तळाला राहायला हवा. हा टुणकन उठला आणि मधोमध जाऊन थांबला. "बघ," झटका ओरडला, "डोळे फाडून बघ. ही खरं बोलत होती." त्याला इतका आनंद झाला की तो हसलाच.

मग खोट नेमकी कुठं ते दाखवायला त्यानं बोनेट उघडलं. इंजिनावर एक सेन्सर असतो, पाणी किती तापलंय ते तो वायरीतून काट्याला कळवतो. इथं सेन्सरवर वायरच नव्हती. ती तिथून काढून बॅटरीच्या मागं नेली होती आणि करंट अडवणारा एक छोटा रेझिस्टर जोडून गाडीच्या बॉडीला बांधली होती. असं केलं की इंजिन गार असो की पेटलेलं, काटा आपला मधोमध. जोडावर काळी टेप होती आणि टेपचं टोक दुमडून ठेवलं होतं, पुढच्याला सोडवायला सोपं जावं म्हणून. सबंध शहरात असं टोक एकच माणूस दुमडायचा.

गेल्या उन्हाळ्यात मेहुणा गाडी घेऊन आला होता. सेन्सर गेला होता, नवा मिळत नव्हता. ‘आठ दिवस असं चालवा, सेन्सर आला की फोन करतो,’ असं म्हणून यानंच ही जोडणी केली होती. काटा आता खरं सांगत नाही, नुसता शोभेचा आहे, हे सांगायचं राहिलं. चौथ्या दिवशी कशावरून तरी दोघांचं वाजलं. नंतर सेन्सर आला, पण यानं फोन केला नाही. गरज असेल तर येईल नाक घासत, म्हणाला.

एक ओढ मारली असती तर सगळं खिशात गेलं असतं. मेहुण्याला काय कळणार होतं? त्याची बोटं टेपवर गेलीसुद्धा. मग त्यानं बहिणीकडं पाहिलं. भीती कशी असते ते त्याला बापानंतर आत्ता कळलं.

"हे मी केलंय," तो म्हणाला. आणि सगळं सांगितलं.

मेहुणा ऐकत ऐकत उठला. दारात पडलेला जॅकचा दांडा त्यानं उचलला आणि झटक्याच्या खांद्यावर हाणला. हाड वाजलं. दुसरा फटका कोपरावर बसला. झटक्यानं हात वर केला नाही.

"म्हणजे तुझ्यामुळे मी हिला मारलं," मेहुणा धापा टाकत म्हणाला.

"हो. माझी चूक. हिचा काही दोष नव्हता."

दोघांचं जमलं. दांडा खाली आला. इतका वेळ एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं एकदम शांत झाली.

"आणि असता तर?" बहीण म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"माझा दोष असता तर? काटा लाल झाला असता, माझं लक्ष नसतं, तर मग मोडायचा होता का हात?"

मेहुण्यानं हातातला दांडा पाठीमागं धरला. काट्याची तपासणी करायला आपण इतक्या हिरिरीनं का वाकलो होतो, ते झटक्याला आत्ता उमगलं: दोष असेल तर मार चालतो, हे त्यानंही धरूनच ठेवलं होतं.

ती आत गेली, एका हातानं पिशवी भरून बाहेर आली. झटक्यानं तिच्यासाठी आपल्या गाडीचं दार उघडलं. "चल, आपल्या घरी चल. आधी दवाखाना, मग घरी. तिथं तुझी वहिनी आहे, तुला कुणी बोट लावणार नाही."

"वहिनीला डाव्या कानानं ऐकू येत नाही, दादा," ती म्हणाली. "पडले म्हणते. मी विचारत नाही म्हणून मला कळत नाही असं वाटतं तुला?"

पिशवी खांद्याला अडकवून ती दवाखान्याच्या दिशेनं चालू लागली. झटका तिच्यामागं चार पावलं गेला. मागं न बघता ती म्हणाली, "तू येऊ नकोस." तो तिथंच थांबला.