पुढच्या पायांचे दोन तुकडे

नव्वदच्या दशकात आमच्या नाशिकच्या कचेरीत खुर्च्या दुरुस्त करायला सिन्नरकडचा एक सुतार यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. कुठलीही खुर्ची तो आधी उलटी करायचा, पायांवरून हात फिरवायचा आणि मग त्याचं खुर्चीपुराण सुरू व्हायचं. "वेताची उन्हाळ्यासाठी, लोखंडी घडीची लग्नासाठी. ही प्लास्टिकची आलीय ती कशासाठीच नाय!"

माझ्या टेबलासमोर येणारी माणसं एकदा बसली की उठायची नाहीत. मी त्याला उपाय विचारला.

"आधी ठरवा साहेब, माणूस बसावा का उठावा? खुर्ची तशी वागती," असं म्हणत त्यानं समोरच्या लाकडी खुर्चीचे पुढचे दोन पाय इंचभर कापले. येणारा बसल्या बसल्या पुढे घसरू लागला आणि पाच मिनिटांत "येतो साहेब" म्हणू लागला. मी जाम खूश!

कापलेले तुकडे त्यानं माझ्या हातात दिले. "फेकू नका. लाकूड कधीतरी लागतंच."

निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदांसाठी मी त्याच टेबलासमोर, त्याच खुर्चीत जाऊन बसलो. दोन खेपांना नव्या साहेबांसमोर घसरलो आणि मुद्द्यावर यायच्या आतच "येतो" म्हणून उठलो.

तिसऱ्या खेपेच्या आधी घरातला खिळ्यांचा डबा उपसला. कचेरीत गेल्यावर साहेबांच्या देखत वाकून ते दोन तुकडे पायांखाली सरकवले आणि ऐसपैस बसलो.

म्हटलं, "बोला साहेब. आज मला घाई नाही."