गस्ती नावेतलं मांजर

गुणवंता ढोके मास्तरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता, पण मी शाळेत भूगोल शिकवत होते, त्यामुळे माझं अडत नव्हतं. मास्तर चित्रकला शिकवायचे. पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे पोरांनी आंबा काढायचा आणि मास्तरांनी विचारायचं, "काय रे, हा आंबा झाडाले लटकून राहिला का हवेत तरंगून राहिला?" एका गणेशोत्सवात तर त्यांनी ऐन आरतीत मूर्तिकाराला बाजूला घेऊन सांगितलं की उंदराच्या मागच्या पायाला एक सांधा जास्त झाला आहे. मंडळवाल्यांनी त्यांना प्रसाद दिला, पण चिमूटभरच दिला.

खोटं चित्र म्हणजे खोटी साक्ष, असं ते म्हणायचे. अशा माणसाशी कोणाचं पटणार? माझं पटायचं, कारण स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि त्यांच्या डब्यातलं लिंबाचं लोणचं फार चांगलं असायचं.

१९८३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मास्तरांच्या घरी सासुरवाडीहून संत्र्यांची पेटी आली. पेटीच्या तळाशी नागपूरचा एक जुना पेपर अंथरला होता आणि त्यात एक निवेदन होतं. मुंबईचे कोणी निवृत्त नौदल इंजिनिअर एक पुस्तक लिहीत होते. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडच्या गोदीत लाकडाच्या गस्ती नावा बांधल्या गेल्या, किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या, एकशेबारा फूट लांबीच्या. त्यांचे बाहेरून काढलेले फोटो साहेबांकडे होते. आतलं बांधकाम कसं होतं ते दाखवणारे नकाशे मात्र मिळत नव्हते. ज्यांनी ते काम केलं असेल त्यांनी कळवावं, अशी विनंती होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर पेपर घेऊन शाळेत आले. पेपरला संत्र्याचा वास येत होता.

"प्रतिभाबाई, कवडू मिस्त्री!" एवढंच म्हणाले.

कवडू मिस्त्री हा रामाकोन्याचा सुतार. आमची बाकं दुरुस्त करायला दोनदा आला होता, आणि दोन्ही वेळा बाकं कमी आणि नावाच जास्त ऐकवून गेला होता. बेचाळीस साली तो घर सोडून मुंबईला गेला, पंचेचाळीस संपता संपता परत आला, आणि तेव्हापासून 'मी लढाईच्या नावा बांधल्या' असं सांगत सुटला. कन्हान नदीपलीकडे पाणी न पाहिलेल्या गावानं त्याचं नाव 'दर्यासारंग' ठेवलं आणि विषय मिटवला. त्याच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, मात्र मिटवला नव्हता. तिचं ठाम मत होतं की मुंबईत यानं बाई ठेवली होती.

तिच्याकडे पुरावाही होता. तो परत आला तेव्हा त्याच्या पेटीतून दोन वार मांजरपाट निघालं. मांजरपाट म्हणजे ते कोरं, जाडंभरडं सुती कापड. हे कशाचं, असं तिनं विचारलं. नावेच्या फळ्यांच्या मधात घालतात, असं त्यानं खरं ते सांगितलं.

"लाकडाच्या मधात कोणी कापड घालते का? कापड बाईले लागते," मनकर्णाबाई म्हणाली. तिनं त्या कापडाचं पोतेरं केलं आणि पुढची चाळीस वर्षं त्या न पाहिलेल्या बाईला 'मुंबईवाली' म्हणून घरात नांदवलं. भाजीत मीठ जास्त झालं असं मिस्त्रीनं म्हणायची खोटी, की लगेच, "मुंबईवाली कमी टाकत असंल." त्याला ताप आला, की, "तिले कळवू का?"

मास्तर पेपर घेऊन पहिल्यांदा रामाकोन्याला गेले तेव्हा मीही सोबत होते. मिस्त्रीनं निवेदन नीट ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "गुरुजी, पुस्तकात माहं नाव नसलं तरी चालते. फक्त थ्या कापडाचं खरं करून द्या. मरायच्या आधी इले पटलं पाह्यजे."

मास्तरांनी शब्द दिला. मला तेव्हाच वाटलं की नवरा-बायकोच्या मधे पट्टी-पेन्सिल घेऊन जाणारा माणूस एकतर देव असतो किंवा चित्रकलेचा मास्तर.

मग रविवार सुरू झाले. पांढुर्ण्याहून बसनं सौसर, तिथून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं रामाकोना, काखेत कागदाची गुंडाळी. नागपूरच्या एका ग्रंथालयात मास्तरांनी युद्धनौकांचं जाडजूड पुस्तक पाहून त्यातली बाहेरची आकृती उतरवून आणली होती. मिस्त्रीनं ती हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि परत दिली. त्याला कागदावरचं कळत नव्हतं. त्याची भाषाही घर बांधणाऱ्याची होती. नावेच्या तळाच्या मधल्या लांब लाकडाला तो 'आढं' म्हणायचा. मास्तर चक्रावले, कारण आढं छपराला असतं. "घर पालथं घाला ना गुरुजी," मिस्त्री म्हणाला, "मंग आढं खालीच येते."

शेवटी तो वैतागला. "एवढ्याशा कागदावर काही ध्यानात येत नाही. जेवढी व्हती तेवढी काढा. मंग सांगतो."

मास्तरांनी खरंच काढली. मे महिन्यात, कपाशी उपटून मोकळ्या झालेल्या वावरात, शाळेच्या खेळांसाठी वापरतो ती चुन्याची फक्की टाकून, एकशेबारा फूट लांब. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं, आणि उन्हानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती. अख्खं रामाकोना बांधावर येऊन बसलं. कोणी विचारलं, पाणी कधी सोडता? एक म्हैस येऊन नावेच्या मागच्या भागात बसली. मिस्त्रीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "इंजनच्या जागीच बसली," तो म्हणाला, "पण हातभर मागं सरकली पाह्यजे."

मग तो त्या पांढऱ्या रेघांच्या आत शिरला आणि चालू लागला. ठरावीक पावलांवर थांबायचा, खाली बोट दाखवायचा, "इथं बरगडी," आणि पुढे. आठवावं लागत नव्हतं त्याला. त्याचे पाय आपोआप थांबत होते. मास्तर त्याच्यामागून वाकून खुणा करत होते, आणि बांधावरचं हसणं हळूहळू कमी झालं. हा माणूस खोटं बोलत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आजवर मीही त्याला हसले होते, त्याची मला लाज वाटली.

मनकर्णाबाई चहा घेऊन आली ती सरळ रेघ तुडवत नावेत आली. मी गमतीनं म्हटलं, "मावशी, पाण्यातून आल्या तुम्ही."

"मी बेचाळीसपासून पाण्यातच आहो," ती म्हणाली आणि कप आपटून गेली.

जुलैपर्यंत अकरा चित्रं तयार झाली. त्यातलं सातवं महत्त्वाचं, नावेच्या भिंतीचा आडवा छेद. बाहेरच्या फळ्या एका बाजूला तिरप्या, आतल्या उलट्या बाजूला तिरप्या, दोन्ही थरांतून आरपार तांब्याचे खिळे, आणि मधे तेलात भिजवलेल्या मांजरपाटाची एक बारीक रेघ. ही रेघ काढायला मास्तरांना तीन संध्याकाळी लागल्या.

पुस्तक इंग्रजीत होतं, तेव्हा चित्रातली नावं आणि सोबतचं टिपण इंग्रजीत हवं होतं. मास्तरांचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं, आणि माझं नव्हतंच. म्हणून काम गेलं इंग्रजीच्या सरांकडे. हे सर जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे, नवीनच बदलून आलेले. त्यांनी सगळं झकास उतरवलं आणि एका शब्दाला अडले. आम्हाला विचारायचा कमीपणा कशाला, म्हणून वर्गातल्या पोरांना विचारलं, "मांजर याने?" पोरं म्हणाली, "बिल्ली, सर." "और पाट?" "बैठने का पटिया, सर."

पोरांचं काहीच चुकलं नव्हतं. सरांनी सुवाच्य अक्षरात 'कॅट-बोर्ड' लिहिलं आणि पाकीट टपालात पडलं.

उत्तर पोळ्याच्या आठवड्यात आलं. साहेबांनी चित्रांची फार स्तुती केली होती. शेवटी लिहिलं होतं की, दोन फळ्यांच्या मधे तेलात भिजवून घट्ट दाबून बसवलेल्या मांजराबद्दल थोडा खुलासा झाला तर बरं, आणि आपल्या साक्षीदाराचं वय आता काय असावं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीच्या दगडफेकीत कोणाचं डोकं फुटलं याची चर्चा मागे पडली आणि पांढुर्णाभर मांजर झालं. ते छोट्या गाडीनं रामाकोन्यालाही पोचलं. मिस्त्री दिसला की लोक म्याव म्हणू लागले. मनकर्णाबाईला वेगळंच समाधान झालं. "पाहा," ती म्हणाली, "मुंबईच्या साह्यबालेबी पटलं नाही." मिस्त्रीनं दोन दिवस रंधा हातात घेतला नाही. मास्तरांनी एक दिवस जेवण सोडलं, आणि त्यामुळे माझं लोणचंही सुटलं. इंग्रजीच्या सरांना मी स्टाफरूममध्ये जे बोलले ते मुद्दाम हिंदीत बोलले, पुन्हा भाषांतराची भानगड नको म्हणून.

मास्तर मात्र खचून बसणारे नव्हते. त्यांनी पांढुर्ण्याच्या बाजारातून हातभर मांजरपाट आणि थोडं जवसाचं तेल घेतलं आणि रामाकोना गाठलं. मिस्त्रीनं वहीएवढा एक तुकडा बनवला, अगदी तसाच, तिरप्या फळ्यांचे दोन थर आणि मधे कापड. तो रजिस्टर पार्सलनं मुंबईला गेला. सोबतचं पत्र मी शुद्ध मराठीत लिहिलं, 'मांजर हा प्राणी नसून कापड आहे' या वाक्यापासून सुरुवात करून.

त्यानंतर पाच महिने काही नाही. मिस्त्री दर रविवारी विचारायचा, आणि मास्तर दर रविवारी चष्मा पुसायचे.

संक्रांतीनंतर पत्र आलं, तेही मराठीत. आम्ही दोघं ते घेऊन तसेच रामाकोन्याला गेलो. अंगणात मनकर्णाबाई तूर पाखडत होती. मी उभ्या उभ्याच वाचलं. साहेबांनी एका मोडीत निघालेल्या नावेची फळी मिळवून सोलून पाहिली होती. आत तेलकट, काळं पडलेलं सुती कापड निघालं, मिस्त्रींच्या तुकड्यात होतं तसंच. कवडू मिस्त्री यांचा शब्द न् शब्द खरा आहे, सातवं चित्र आहे तसं छापत आहे, असं त्यांनी लिहिलं होतं.

मिस्त्रीनं मला पत्र पुन्हा वाचायला लावलं आणि दुसऱ्यांदा ऐकायच्या आधी डोक्यावर टोपी घातली. "ऐकलं का वो? कापड नावेतच व्हतं."

मनकर्णाबाईचं सूप थांबलं. "म्हणजे बाई नव्हती?"

"नव्हती."

"एकबी नाही?"

"जामसांवलीच्या हनुमानाची शपथ."

आता ही हसेल, पदर डोळ्याला लावेल, असं मला वाटलं. मास्तर तर पेढे आणायच्या तयारीत होते. तिनं सूप खाली ठेवलं.

"बाई असती त म्हटलं असतं, माणूस गुंतला. थ्या बाईले मी कवाच माफ केलं व्हतं. चाळीस वर्षं भांडून भांडून सवय झाली व्हती मले तिची. अन् आता म्हणता थे नव्हतीच! म्हणजे तुमी मले लाकडासाठी सोडून गेल्ते? एक चिठ्ठी नाही धाडली, लाकडासाठी?"

अकरा चित्रांत याचं उत्तर कुठंच नव्हतं.

"लिवता येत नव्हतं," मिस्त्री म्हणाला.

"दुसऱ्याकडून लिवून घ्याची."

"गोदीत लिवणारा एकच मुंशी. लिवलेलं सगळ्याईसमोर मोठ्यानं वाचून दाखवे. लाज वाटे."

"लाज वाटे," ती त्याच्याच आवाजात म्हणाली. मग मास्तरांकडे वळली. "गुरुजी, पेन आहे ना? लिवा. हे सांगतीन. तारीख बेचाळीसची टाका."

जन्मात खोटी रेघ न ओढलेल्या त्या माणसानं साहेबांच्या पत्राची कोरी बाजू वर केली आणि 'दहा डिसेंबर १९४२' असं लिहिलं.

मिस्त्री खाकरला. "गोदीत काम जोरात चालू आहे. सागाची फळी चांगली आली..."

"लाकूड नका सांगू."

"भाकर मिळत नाही इकडे. भात अन्..."

"पोटाचंबी नका सांगू."

मिस्त्रीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. मास्तरांच्या पेनाच्या टोकावर शाई वाळली, ती त्यांनी झटकली. मी तुरीतले खडे पाहत बसले, कारण दुसरीकडे पाहायची सोय नव्हती.

"लिवा," शेवटी तो बायकोकडे न पाहता म्हणाला. "मनकर्णे, मले तुह्याबिगर इथं करमत नाही."

मास्तरांनी लिहिलं. मनकर्णाबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं.

"पुढं?" ती म्हणाली.